अंश पाहा, छेदही पाहा

वार्षिक अहवाल हाती आला की आपण लाभांशाची ओळ शोधतो आणि अहवाल बाजूला ठेवतो. त्यातच ‘बीआरएसआर’ (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) नावाचं प्रकरण असतं. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना ते 2022-23 पासून बंधनकारक केलं आहे. रोपटं लावणाऱ्या संचालकांचा फोटो ओलांडून त्यातलं पर्यावरणाचं सहावं तत्त्व काढा. कार्बनचा हिशेब तिथे मांडलेला असतो.

गैरसमज: उत्सर्जन म्हणजे कारखान्याची चिमणी.

चिमणी हा हिशेबाचा एक कोपरा. कंपनीच्या स्वतःच्या हद्दीतलं सगळं स्कोप 1 मध्ये येतं: बॉयलर, जनरेटरचं डिझेल, गाड्या आणि एसीतून गळलेला वायूसुद्धा. आर-22 हा जुना वायू एक किलो गळला, तरी पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखं होतं. सिमेंटचं दुखणं आणखी वेगळं. चुनखडी भाजताना खुद्द दगडातूनच वायू सुटतो, त्यामुळे उद्या भट्टीचा कोळसा बंद केला तरी तो थांबणार नाही. स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज. आपल्या ग्रिडवर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा; वर्षाला 10 लाख युनिट जाळणाऱ्या कार्यालयाच्या नावे 700 टन लागतात, आणि तिथे चिमणी औषधालाही नसते.

उरलेलं सगळं स्कोप 3 मध्ये: कच्चा माल, वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकलेल्या मालाचा वापर, असे एकूण 15 प्रकार. मोटार कंपनीचा खरा धूर कारखान्यात नसतो, तो तुमच्या-आमच्या सायलेन्सरमधून निघतो. बीआरएसआरमध्ये नेमका हाच रकाना ऐच्छिक आहे.

गैरसमज: ‘तीव्रता 10 टक्क्यांनी घटली’ म्हणजे उत्सर्जन घटलं.

इथे बहुतेक वाचक फसतात. समजा, विक्री 1,000 कोटी आणि उत्सर्जन 50,000 टन, म्हणजे कोटीमागे 50 टन; हीच तीव्रता. पुढच्या वर्षी विक्री 1,200 कोटी, उत्सर्जन 54,000 टन. आता कोटीमागे 45 टन. तीव्रता 10 टक्क्यांनी खाली, टन मात्र 8 टक्क्यांनी वर! नुसते मालाचे भाव वाढले, तरी छेद फुगतो आणि तीव्रता घटलेली दिसते. उत्पादनाच्या टनामागे दिलेली तीव्रता त्या मानाने बरी. पण वातावरणाला कोणतीच तीव्रता कळत नाही, म्हणून एकूण टनांचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय ही ओळ वाचू नये.

गैरसमज: आकडा वाढलेला दाखवणारी कंपनी लबाड.

उलटही असू शकतं. 2030 पर्यंत कार्बन निगेटिव्ह होऊ, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढून घेऊ, असं मायक्रोसॉफ्टने 2020 मध्ये जाहीर केलं. 2023 साली तिचं उत्सर्जन 2020 च्या तुलनेत सुमारे 29 टक्क्यांनी वाढलेलं होतं; डेटा सेंटरच्या बांधकामातलं पोलाद आणि काँक्रीट त्याला बरंचसं कारणीभूत. हे जगाला कळलं, कारण कंपनीने स्कोप 3 मोजला आणि छापला. वचन डळमळीत आहेच, पण हिशेब उघडा आहे. रकाना कोरा ठेवून ‘हरित’ म्हणवणाऱ्यापेक्षा मी अशा कंपनीला जास्त गुण देईन.

गैरसमज: नेट झिरो म्हणजे झाडं लावून फिटंफाट.

सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या संस्थेचा 2021 चा निकष पाहा. बहुतेक कंपन्यांनी 2050 पर्यंत आधी स्वतःचं उत्सर्जन 90 टक्क्यांच्या आसपास कमी करायचं, आणि जे काही केल्या हटत नाही, तेवढंच हवेतून काढून घ्यायचं. ‘2050’ एवढंच छापलं असेल आणि 2030 चा टप्पा नसेल, तर ते वचन निभावायला आजच्या संचालकांपैकी फारसं कुणी जागेवर असणार नाही.

‘बाहेरच्या संस्थेने तपासलं आहे’ या ओळीनेही हुरळून जाऊ नका. दिलेल्या हद्दीतले आकडे बरोबर आहेत, एवढंच ती तपासणी सांगते. हद्दीबाहेर काय ठेवलं, ते ताडून पाहणं वाचकाकडेच राहतं.

वार्षिक सर्वसाधारण सभेत एका शेअरचा मालकही प्रश्न विचारू शकतो; ऑनलाइन सभा असेल, तर वक्ता म्हणून नाव आधी नोंदवावं लागतं. या वर्षी नोंदवा आणि एवढंच विचारा: कपात ज्याच्या तुलनेत मोजता ते आधारवर्ष कोणतं, आणि 2030 पर्यंत एकूण किती टन कमी करणार?