माळ्यावरची कॅसेट आणि ड्रायव्हरचा शोध

पावसाळा सरला की कर्जत-खालापुरातल्या घरांमध्ये माळ्यावरचे सामान उन्हात येते. गाद्या आणि ट्रंकांसोबत कधी कधी व्हीएचएस कॅसेटचा खोकाही निघतो. १९९०च्या दशकातले एखादे लग्न, एखादी मुंज. आजोबांचा आवाज फक्त त्या एका फितीवर उरलेला असतो.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि फितीला तो मानवत नाही. फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर बसवलेली चुंबकीय भुकटी. ती धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर हवेतली ओल शोषतो आणि कालांतराने चिकट होतो. आर्द्रता बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर वर बुरशीही धरते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरट पूड दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी असा खोका उघडूच नये. इतरांनी एन-९५ मास्क लावून, घराबाहेर, मुलांपासून लांब तो हाताळावा.

कमकुवत झालेली फीत कदाचित एकदाच धड चालेल. म्हणूनच संगणकाची बाजू आधी पक्की हवी, आणि गाडी अडते ती तिथेच. व्हीसीआरचे चित्र संगणकात घ्यायला टीव्ही कॅप्चर कार्ड लागते. सोबतची सीडी बहुधा फक्त विंडोजची असते. विंडोज जड झाली म्हणून जुन्या संगणकावर लिनक्स घातलेले असेल, तर ती सीडी कपाला बशी म्हणून वापरावी.

ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा ऑपरेटिंग सिस्टिमला समजावणारा दुभाषा. लिनक्समध्ये असे बहुतेक दुभाषे कर्नलमध्येच बसलेले असतात. पण ते कार्डावर छापलेले नाव ओळखत नाहीत. ओळखतात ती आतली चिप. बाजारात ‘ईझीकॅप’ नावाने मिळणारा यूएसबी डोंगल हे याचे उत्तम उदाहरण. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या डबीत चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप निघतात. सिंटेकची एसटीके११६० असेल तर तिचा ड्रायव्हर २०१२पासून कर्नलमध्ये आहे. फुशिकाईची यूटीव्ही००७ असेल तर ‘यूएसबीटीव्ही’ हा ड्रायव्हर २०१३मध्ये आला. एम्पियाच्या चिपसाठी ‘ईएम२८एक्सएक्स’ आहे. चौथी, सोमॅजिकची चिप निघाली तर कपाळाला हात: तिचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, आणि तिचे फर्मवेअर विंडोजच्या ड्रायव्हरमधून काढून घ्यावे लागते. खोपोलीच्या दुकानात डबी हातात घेऊन यातले काहीच कळत नाही.

कळते ते डोंगल जोडून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यावर. पडद्यावर दोन भागांचा एक क्रमांक येतो. ०५ई१:०४०८ दिसला तर सिंटेक, १बी७१:३००२ दिसला तर फुशिकाई. ड्रायव्हर शोधायचा तो या क्रमांकाने. म्हणूनच ‘चालले नाही तर परत घेणार का’ हे दुकानदाराला आधीच विचारून ठेवावे.

जुन्या डेस्कटॉपमधल्या पीसीआय कार्डांवर बहुधा ब्रुकट्रीची बीटी८७८ चिप असते. तिचा ‘बीटीटीव्ही’ हा ड्रायव्हर लिनक्सवरच्या सर्वांत जुन्या व्हिडिओ ड्रायव्हरांपैकी एक. स्वस्त कार्डांना स्वतःची ओळख सांगता येत नाही, तेव्हा यादीतून कार्डाचा क्रमांक हाताने द्यावा लागतो. चुकीचा दिला तर चित्र येते, आवाज येत नाही. कालबाह्य झालेल्या जोडणीवर उभा असल्याने हा ड्रायव्हर कर्नलमधून निघण्याच्या बेतात होता. २०२३मध्ये डेबोरा ब्राउवर यांनी तो नव्या रचनेत बसवला आणि जगभरची ही जुनी कार्डे वाचली. फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांना ‘वेबकॅमडी’ हा कार्यक्रम यूएसबी डोंगलांसाठी लिनक्सचेच ड्रायव्हर चालवून देतो.

ड्रायव्हर मिळाला तरी चित्र काळेपांढरे किंवा गुंडाळत वर जाणारे दिसले तर घाबरायचे कारण नाही. अनेक कार्डे मुळात अमेरिकी एनटीएससी पद्धतीवर लावलेली असतात. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या. तेवढे बदलले की साडीचा रंग परत येतो.

साठवण मोठी लागते. ७२० बाय ५७६चे चित्र न दाबता साठवले तर तासाला सुमारे ७५ जीबी होतात; ‘एफएफव्ही१’सारख्या पद्धतीने गुणवत्ता न घालवता ते बरेच कमी होतात. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, आणि मध्येच वीज जाऊ शकते. खोपोलीत १९१५पासून पाण्यावर वीज तयार होते, पण पावसात ती घरापर्यंत टिकेलच असे नाही. एमपीफोर फाइल अर्धवट राहिली तर ती सहसा उघडतच नाही. एमकेव्ही असेल तर तोवरचा भाग वाचतो.

पहिली चाचणी कुणालाच नको असलेल्या एखाद्या सिनेमाच्या कॅसेटवर घ्यावी. चित्र, रंग, आवाज, तिन्ही जुळले की मग लग्नाची. चालू स्थितीतला व्हीसीआरही जपून वापरावा, कारण फुनाई या शेवटच्या उत्पादकाने २०१६मध्ये तो बनवणे थांबवले. या कामाला जानेवारी ते मे हे कोरडे महिने बरे.