अळीचे छायाचित्र आणि शटरचा हादरा

अमेरिकन लष्करी अळीची ओळख पटते ती डोक्यावरील उलट्या ‘वाय’ आकाराच्या खुणेवरून आणि शरीराच्या मागील टोकाजवळ चौरसात असलेल्या चार ठळक ठिपक्यांवरून. छायाचित्रात हे ठिपके पुसट आले, तर निदान चुकते आणि फवारणीचा खर्च वाया जातो.

४५ ते ६० मेगापिक्सेलच्या मिररलेस कॅमेऱ्यात सूक्ष्म हादराही उमटतो. यांत्रिक शटर आधी मिटते, मग उघडते. तो धक्का साधारणतः १/६० ते १/२०० सेकंदाच्या दरम्यान अधिक जाणवतो. म्हणून ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ हा पर्याय निवडावा व तिपाईवर दोन सेकंदांचा टायमर लावावा. पान वाऱ्याने हलत असल्यास तिपाई निरुपयोगी ठरते. अशा वेळी पान स्थिर धरून १/५०० सेकंद वा त्याहून कमी अवधी ठेवावा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर मात्र टाळावे. त्यात सरपटत्या अळीचा आकार वाकडा येऊ शकतो.