आर, पायथन की सॅस? क्लासची फी भरण्याआधी हे वाचा

स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी किंवा बी. फार्म. झालं, की पुढचा प्रश्न ठरलेला: डेटा अ‍ॅनालिसिससाठी नेमकं काय शिकायचं? क्लासगणिक उत्तर बदलतं, कारण प्रत्येकाचा कोर्स वेगळा!

आधी हे पाहू, की एक्सेल पुरत नाही का? छोट्या कामाला पुरतं. अडचण ही, की त्यात झालेली चूक पटकन दिसत नाही. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं, की प्रगत देशांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडलं. सरकारी खर्चात कपात करा म्हणणाऱ्या नेत्यांनी हा आकडा उचलून धरला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मिळवून तपासली. सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच ओळी, म्हणजे पाच देश, सुटले होते. ही चूक आणि गणनपद्धतीतले इतर दोष दुरुस्त केल्यावर त्याला मिळालेला आकडा होता अधिक २.२ टक्के.

कोड लिहिला म्हणजे चुका होत नाहीत असं नाही. पण प्रत्येक पायरी लिहिलेली राहते, आणि दुसऱ्याला ती पुन्हा चालवून पाहता येते.

आर ही भाषा ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात तयार केली. रिग्रेशन, सर्वेक्षणं, आलेख हेच तुमचं रोजचं काम असेल, तर आर सोयीची. त्याच डेटावर पुढे अ‍ॅप किंवा मशिन लर्निंग करायचं असेल, तर पायथन घ्या. दोन्ही मोफत आहेत. मात्र दोन्हीकडे डेटा सहसा रॅममध्येच उघडतो. ४ जीबीच्या लॅपटॉपवर मोठी फाइल उघडायला गेलात, तर चहा पिऊन या.

औषधांच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये नोकरी हवी असेल, तर गणित वेगळं. अमेरिकेच्या एफडीएला सॅसच लागतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ठराविक सॉफ्टवेअरची सक्ती नसल्याचं एफडीएने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे. पण कंपन्यांकडे वर्षानुवर्षं तपासून घेतलेले सॅस प्रोग्रॅम पडून आहेत. ते एका रात्रीत कोण बदलणार? म्हणून इथे अजून सॅसचीच चलती आहे. लायसन्स महाग असलं, तरी शिकण्यासाठी ‘सॅस ऑनडिमांड फॉर अ‍ॅकॅडेमिक्स’ ही ऑनलाइन सोय मोफत आहे. फी भरण्याआधी महिनाभर तिथे हात चालवून पाहा.

राहता राहिलं एसपीएसएस. प्रबंधासाठी गाइडने तेच सांगितलं असेल, तर वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त मेन्यूतून टेस्ट निवडल्यावर ‘ओके’ऐवजी ‘पेस्ट’ दाबा. कमांड सिंटॅक्स विंडोमध्ये उतरते, तिथून ती चालवा आणि फाइल सेव्ह करा. तोंडी परीक्षेत ‘हा आकडा कसा आला?’ असं विचारलं, तर तीच उघडून दाखवता येते.