तलवारीऐवजी काय मोजायचे?

आठवी-नववीच्या वर्गात एकदा विचारून पाहा, 'व्हिडिओ गेममधला नायक कसा असतो?' मुले भराभर सांगू लागतात. हातात तलवार, अंगात चिलखत, कोपऱ्यात आकड्यांत लिहिलेली ताकद. समोर राक्षस, नाहीतर ड्रॅगन. तो मारला की पॉइंट्स, पॉइंट्स साठले की पुढची लेव्हल. मग दुसरा प्रश्न विचारा, 'हा नायक पोस्टमन असता तर? किंवा सुईण? किंवा विहिरीचे पाणी तपासणारा डॉक्टर?' वर्ग आधी हसतो. मग एखादा विद्यार्थी विचारतो, 'पण मग त्याची ताकद कशाची मोजायची?'

प्रश्न अगदी नेमका आहे. या प्रकारच्या खेळांना पुढे कोणकोणत्या नव्या वाटा सापडतील, हे बहुतांशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून आधी हे खेळ आतून कसे चालतात ते पाहू.

भातुकली अधिक आकडे

भातुकलीत मूल आई होते, दुकानदार होते. 'मी आता डॉक्टर' म्हटले की झाले. रोल-प्लेइंग गेम म्हणजे भूमिका-खेळ; त्याचे मूळही इथेच आहे. फरक एवढाच, की त्यात भूमिकेला आकडे जोडलेले असतात. माझ्या पात्राची शक्ती १२, चपळाई ९, बुद्धी १५. काही अवघड करायचे असेल तर फासे टाकायचे, त्यात आपला आकडा मिळवायचा आणि बेरीज पुरेशी झाली तर काम फत्ते. खेळत गेलो की आकडे वाढतात. पात्र 'शिकते'.

मग हे आकडे बहुतेक वेळा मारामारीचेच का? त्याचे कारण इतिहासात आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी एका युद्ध-खेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि निर्णय देणारा पंच, असा तो खेळ होता. अशा खेळांची परंपरा पुढे छंद म्हणून चालत राहिली. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळाडू अख्ख्या पलटणीऐवजी एकाच माणसाची भूमिका घेऊ लागला. पण आकडे युद्धाचेच राहिले. किती घाव सोसल्यावर पात्र मरेल, हे मोजण्याची पद्धत आपण युद्धनौकांच्या एका खेळातून उचलली, असे आर्नेसन यांनीच सांगितले आहे. जहाजाचे मोजमाप माणसाला लागले, असे म्हणायला हरकत नाही!

हा खेळ लवकरच संगणकावर आला. १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणक-यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी त्याच्या नकला केल्या. १९८६ मध्ये जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. संगणकाला बेरीज-वजाबाकी सोपी, गप्पा मारणे कठीण. तलवारीचा घाव ही सरळ वजाबाकी आहे. त्यामुळे तलवार टिकली.

कपडे बदलले, पण...

खेळाची पार्श्वभूमी बदलणे त्या मानाने सोपे. १९८९ मध्ये जपानचे लेखक शिगेसातो इतोई यांनी 'मदर' हा खेळ केला. त्यात नेहमीची मध्ययुगीन पार्श्वभूमी नाही. आजच्यासारखे शहर आहे आणि नायकाच्या हाती बेसबॉलची बॅट आहे. कल्पना ताजी होती. पण हिशोब पाहा : बॅटचा फटका हीसुद्धा वजाबाकीच. जुन्या खेळाला नवे कपडे घातले, तरी आतला हिशोब तोच राहू शकतो.

खरा बदल होतो तो मोजायची गोष्ट बदलते तेव्हा. अशी तीन उदाहरणे घेऊ.

'किंगडम कम : डिलिव्हरन्स' (२०१८) हा खेळ १४०३ सालच्या बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात घडतो. जादू नाही, ड्रॅगन नाही. नायक हेन्री हा लोहाराचा मुलगा. तलवारबाजी आहेच; पण त्याला सुरुवातीला वाचता येत नाही. पुस्तक उघडले की पडद्यावर अक्षरांची उलटापालट झालेली दिसते. एका लेखनिकाकडे जाऊन वाचायला शिकावे लागते, आणि सराव होईल तशी अक्षरे जागेवर येऊ लागतात. पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हे दृश्य ओळखीचे वाटेल.

'पेंटिमेंट' (२०२२) सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात घडतो. नायक मठात हस्तलिखितांवर चित्रे काढणारा कलाकार आहे आणि गावात खून होतो. इथे अपुरी असते ती वेळ. कोणाच्या घरी जेवायला बसायचे हे ठरवावे लागते, कारण माहिती गप्पांतूनच मिळते आणि सगळ्यांकडे जाणे शक्य नसते.

तिसरे उदाहरण 'डिस्को एलिझियम' (२०१९). हा एस्टोनियातल्या मंडळींनी केलेला खेळ. स्मृती गेलेला एक पोलीस अधिकारी तपास करतो. लढाईची वेगळी पद्धतच नाही. २४ कौशल्ये आहेत. त्यांत तर्क आहे, तशीच सहानुभूतीही आहे. समोरचा माणूस खोटे बोलतोय का, हे दोन फासे आणि आपले कौशल्य यांच्या बेरजेवर ठरते. दोन्ही फाशांवर सहा आले तर काम होतेच, दोन्हींवर एक आला तर फसतेच. दोन फाशांचे ३६ प्रकार होतात, त्यामुळे सर्वात हुशार माणसालाही ३६ त एकदा अपयश ठरलेले.

पहिला धडा एका वर्गातला

हे सगळे आजकालचे असे वाटेल. पण तलवारीशिवायचा संगणकी खेळ पन्नास वर्षांपूर्वीच एका शिकाऊ शिक्षकाने केला होता. १९७१ मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात डॉन रॉविच आठवीला इतिहास शिकवत होते. एकोणिसाव्या शतकात हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून सुमारे ३२०० किलोमीटरचा प्रवास करून पश्चिमेला ऑरेगॉनला गेली. हा धडा जिवंत कसा करावा, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. त्यांचे खोलीसोबती बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर हे गणिताचे शिकाऊ शिक्षक. तिघांनी मिळून 'ऑरेगॉन ट्रेल' तयार केला. पडदा नव्हता, टेलिटाइप यंत्र कागदावर मजकूर छापायचे आणि मुले उत्तर टंकायची. अन्नावर किती पैसे खर्च करायचे, बैलांवर किती, औषधांवर किती? मुख्य आकडे हेच.

पुढे रॉविच मिनेसोटातल्या शैक्षणिक संगणन संस्थेत गेले. तिथे त्यांनी प्रवाशांच्या जुन्या रोजनिशा वाचल्या आणि आजारपण, वाईट हवामान, गाडी मोडणे अशा घटना किती वेळा घडत, त्या प्रमाणात खेळातल्या शक्यता बदलल्या. म्हणजे ऐतिहासिक साधनांवरून संभाव्यता काढली आणि ती खेळात बसवली. विज्ञानात ज्याला प्रतिमान म्हणतात ते हेच.

या प्रतिमानात एक मोठी उणीव होती. गाडीत बसलेल्यांचे अन्न, बैल, आजार सारे मोजले. पण ज्यांच्या जमिनीवरून गाड्या गेल्या त्या मूळ रहिवाशांच्या बाजूने काहीच मोजले नव्हते. मुले वर्षानुवर्षे गाडीत बसूनच तो देश पाहत राहिली. २०२१ साली आलेल्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवासी समाजातील इतिहास-अभ्यासकांचा सल्ला घेतला गेला आणि त्या समाजांतली पात्रेही खेळायला मिळाली. खेळातला आकडा सांगतो की काय महत्त्वाचे आहे. ज्याला आकडा नाही, ते मुलांच्या नजरेतून निसटते.

एक नवी पार्श्वभूमी : लंडन, १८५४

आता नवी पार्श्वभूमी कशी शोधायची, ते एका उदाहरणावर करून पाहू. ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची भयंकर साथ उसळली. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसे गेली. त्या काळी बहुतेकांचे मत असे, की रोग घाणेरड्या हवेतून पसरतो. डॉ. जॉन स्नो यांचा संशय पाण्यावर होता. ते घरोघर फिरले. मृत्यू झालेल्या बहुतेक घरांत ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी येत होते. जवळच्या अनाथ-निराधारांच्या वसतिगृहात ५३५ माणसे होती, पण तिथे कॉलऱ्याने फक्त पाच दगावली. कारण तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले. ते बिअर पीत. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक बाई मात्र गेली. चौकशी केल्यावर कळले, की तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते मुद्दाम मागवत असे!

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. तोवर साथ ओसरू लागली होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच भागातले तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांना स्नो यांचे म्हणणे पटले नव्हते. ते खोडून काढावे म्हणून त्यांनी स्वतः चौकशी सुरू केली आणि पुरावा पाहून मत बदलले. पंपाजवळच्या ४० क्रमांकाच्या घरातले आजारी बाळ आणि त्याची दुपटी धुतलेले पाणी हा साथीचा उगम त्यांनीच शोधला. ते पाणी विहिरीला लागून असलेल्या मैलाखड्ड्यात ओतले जात होते.

याचा भूमिका-खेळ करायचा तर काय मोजाल? स्नो यांचे वैद्यकीय ज्ञान ८, पण या गल्लीत ओळख ३. व्हाइटहेड यांचे ज्ञान ३, पण लोकांचा विश्वास ८. एकट्याने कोणालाच जमणार नाही. दिवस थोडे, घरे पुष्कळ. शत्रू डोळ्यांना दिसत नाही. आणि अनुभवाचे पॉइंट्स कधी द्यायचे? पुरावा पाहून आपला चुकीचा अंदाज सोडून दिला की! असा नियम असलेला खेळ मुलांना वैज्ञानिक पद्धत करायला लावील.

पुणे, १८९७ : तेच घर, आतून

साथीचाच दुसरा प्रसंग आपल्या जवळचा आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. रोग्यांना वेगळे ठेवणे आवश्यकच होते. पण प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली सैनिक घरांत शिरून झडत्या घेत आणि लोकांना रोगाइतकीच झडतीची भीती वाटे. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याबाहेरच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. रोगाची लागण होऊन १० मार्चला त्यांचे निधन झाले. मुंबईत जानेवारीतच हाफकिन यांनी आपली प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली होती.

हा खेळ एकदा झडती घेणाऱ्याच्या बाजूने खेळा, आणि एकदा ज्या घरात आजारी माणूस लपवला आहे त्या घराच्या बाजूने. पहिल्या खेळात 'किती रोगी सापडले' हा एकच आकडा ठेवला, तर दार फोडणे हाच उत्तम डाव ठरेल. त्यात 'लोकांचा विश्वास' हा आकडा घाला. दर फोडलेल्या दारागणिक तो घटू द्या आणि तो घटला की पुढच्या घरात रोगी लपवले जाऊ द्या. लगेच डाव बदलतो. उपाय शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असूनही तो फसतो कसा, हे मुलांना व्याख्यानाशिवाय कळेल.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. चार-पाच मुलांचा गट, कागद आणि दोन फासे पुरेत. गटाने प्रसंग निवडावा : साथ, दुष्काळातले गाव, पूर. प्रत्येकाने भूमिका घ्यावी आणि तिला तीनच आकडे द्यावेत, पण त्यांत मारामारीचा आकडा नसावा. अवघड कामाला बेरीज ९ हवी, असा नियम ठेवा.

आता गणित पाहा. कौशल्य शून्य असेल, तर दोन फाशांवर ९ किंवा जास्त पडण्याचे ३६ पैकी १० प्रकार, म्हणजे सुमारे २८ टक्के. कौशल्य २ असेल, तर फाशांवर ७ पुरतात : ३६ पैकी २१, सुमारे ५८ टक्के. कौशल्य ४ असेल, तर ३६ पैकी ३०, सुमारे ८३ टक्के. दोन्ही वेळा कौशल्य दोननेच वाढले, पण पहिल्यांदा फायदा ११ प्रकारांचा झाला, दुसऱ्यांदा ९ चा. असे का, हे मुलांनी ३६ घरांचा तक्ता काढून शोधावे.

खेळ संपल्यावर एक प्रश्न जरूर विचारा : 'आपल्या खेळात कशाला आकडा द्यायचा राहून गेला?' उत्तरे फळ्यावर लिहा. बहुधा पुढच्या तासाचा खेळ त्यांतूनच निघेल. आणि मधल्या सुट्टीत आपली गुणपत्रके भरताना हाच प्रश्न आपल्यालाही विचारून पाहायला हरकत नाही.