काचेतला रस्ता



दुकानासमोर उभ्या राहिलो की आपण आधी काय बघतो? साडी बघतो, तिची किंमत बघतो आणि हळूच काचेत स्वतःला बघून केस सारखे करतो. हे तिसरं बघणं सगळ्याच करतात, कबूल कुणी करत नाही. आम्ही सहा जणींनी गेल्या वर्षी ठरवलं, की या काचेकडेच नीट बघायचं. महिन्यातून एकदा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर जायचं आणि दुकानांच्या, हॉटेलांच्या काचांमध्ये दिसणाऱ्या रस्त्याचे मोबाइलवर फोटो काढायचे. त्यातून जे शिकलो ते आज सांगणार आहोत.

आधी काचेचा स्वभाव समजून घेऊ. साध्या काचेवर शंभर भाग उजेड समोरून पडला, तर साधारण आठ भाग परत फिरतो. पुढच्या पृष्ठभागावरून चार आणि मागच्या पृष्ठभागावरून चार. बाकीचा बहुतेक आरपार जातो. म्हणजे काच थोडासा आरसा आणि पुष्कळशी खिडकी असते. मग भर उन्हात तिच्यात रस्ता इतका लख्ख का दिसतो? कारण बाहेर उजेड अफाट असतो. रस्ता दुकानाच्या आतल्यापेक्षा दहा-बारा पट उजळ झाला, की त्याचे आठ भागही आतल्या चित्राच्या तोडीस तोड होतात. रात्री उलटं होतं. आत दिवे, बाहेर अंधार. मग रस्ता पुसला जातो आणि साड्या उरतात.

म्हणून जागा आणि वेळ महत्त्वाची. लक्ष्मी रोड साधारण पूर्व-पश्चिम जातो. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तरेकडच्या इमारतींच्या तोंडावर ऊन येतं आणि दक्षिणेकडची दुकानं सावलीत राहतात. आपण या सावलीतल्या दुकानाकडे तोंड करून उभं राहायचं. पाठीमागचं उन्हातलं सगळं, म्हणजे गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, रिक्षा, पाट्या, काचेत येऊन बसतं. नऊवारी नेसलेल्या पुतळ्याच्या पदरावरून रिक्षा धावते! फक्त दुपारच्या झोपेसाठी शटर खाली आलं असेल तर घरी जावं.

दुसरी चांगली वेळ दिवेलागणीची. सूर्य मावळल्यावर थोडा वेळ आतला आणि बाहेरचा उजेड असा जुळून येतो, की दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात. ही वेळ पंधरा-वीस मिनिटांची. कुकर लावायचीही तीच वेळ, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता फोटो कसा काढायचा? काचेसमोर सरळ उभं राहिलं तर आपणच फोटोत येतो. दोन पावलं बाजूला सरकून तिरकं बघा, आपण निघून जातो. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर काचेत पांढरा गोळा दिसेल. बहुतेक मोबाइलमध्ये स्क्रीनवर बोट टेकवून खाली ओढलं की फोटो थोडा काळसर होतो, मग उन्हातल्या भिंती पांढऱ्याफटक पडत नाहीत.

आणखी एक गंमत. रस्ता काचेपासून जितका पुढे, तितकंच त्याचं प्रतिबिंब काचेच्या मागे असल्यासारखं असतं. तुम्ही काचेपासून पाच फुटांवर आणि बस तीस फुटांवर असेल, तर बसचं प्रतिबिंब तुमच्यापासून पस्तीस फूट दूर. आतला पुतळा मात्र सातच फुटांवर. कॅमेऱ्याला दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. मोबाइल दोन्ही बऱ्यापैकी सांभाळतो, तरी जे स्पष्ट हवं त्यावर बोट टेकवावं.

हे वेड जुनंच आहे. पॅरिसमध्ये यूजीन आत्जे या छायाचित्रकारानं 1925च्या सुमारास कपड्यांच्या दुकानांच्या काचा टिपल्या. त्यांत पुतळ्यांच्या मागे-पुढे समोरच्या इमारती आणि झाडं तरंगतात. आम्हाला जवळची वाटते ती व्हिव्हियन मायर. जन्म 1926चा, न्यूयॉर्कचा. पुढे शिकागोत तिनं कित्येक वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळली आणि फिरता फिरता लाखाहून अधिक फोटो काढले. कितीतरी वेळा दुकानाच्या काचेत स्वतःलाच टिपलं, पण फोटो जवळपास कुणाला दाखवले नाहीत. 2007मध्ये तिच्या सामानाच्या लिलावातून ते बाहेर आले. 2009मध्ये ती गेली, तेव्हा जगाला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

आता आमच्या चुकीबद्दल. एकदा आमच्यातल्या एकीनं एका हॉटेलच्या काचेत समोरच्या वाड्याचा सुरेख फोटो काढला. स्वतःची काळी आकृती मधोमध आली होती, तीही छान दिसत होती. फोटो ग्रुपवर गेला, तिथून आणखी दोन-चार ग्रुपवर. दोन दिवसांनी एका बाईंचा निरोप आला. काचेवर आपली सावली जिथे पडते तिथे रस्त्याचं प्रतिबिंब उरत नाही, आणि आतलं स्वच्छ दिसतं. त्या सावलीत त्या एकट्या बसून मिसळ खात होत्या. दिवस संकष्टीचा होता. घरी उपास सांगितला होता. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. "मी फक्त अर्धा तास निवांत बसले होते," एवढंच त्या म्हणाल्या.

आम्ही माफी मागितली, फोटो काढून टाकला. पण पुढे गेलेला फोटो परत कसा आणणार? फोटो काढताना आमच्या डोळ्यांना फक्त वाडा दिसत होता. मोबाइलनं दोन्ही पाहिलं होतं.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. फोटो पुढे पाठवण्याआधी मोठा करून कोपरान् कोपरा बघायचा, विशेषतः आपल्या सावलीतला. आत कुणाचा चेहरा ओळखू येत असेल तर विचारायचं, नाहीतर फोटो पुसायचा. आणि दुकानदारानं "काय करताय?" विचारलं तर हसून स्क्रीन दाखवायची. बहुतेकांना आपल्याच दुकानात अख्खा रस्ता पाहून मौज वाटते.

रस्त्यावर बाईनं कामाशिवाय उभं राहू नये, असं आपल्या अंगात मुरलेलं असतं. या फोटोंमुळे आम्ही उभ्या राहायला शिकलो. त्या बाईही तेवढंच मागत होत्या, काचेच्या आत बसून. तेव्हा उभ्या राहा, बघा, फोटो काढा. फक्त दुसरीचा निवांतपणा जपा.