माग थांबतात तो दिवस

पहाटे 5.45

शुक्रवारी मला गजर लावावा लागत नाही. गुरुवारी रात्री 8 ला पाळी सुटली की आमच्या गल्लीतले कारखाने एकामागून एक बंद होतात आणि पहाटे जाग येते ती शांततेमुळे. भिवंडीच्या निजामपुऱ्यात वाढलेल्या माणसाला मागांची खटखट ऐकू येत नाही. ती थांबली की मात्र चुकल्यासारखं वाटतं. आज कबुतरांचे पंख ऐकू येतात, समोरच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येतो, आणि दूध घेऊन येणारा मुलगा जिना चढतो तोही कळतो.

मी दोन विद्यापीठांच्या संयुक्त संशोधनात क्षेत्र समन्वयक आहे. एक विद्यापीठ मुंबईतलं, दुसरं इंग्लंडमधलं. विषय एकच: यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसांचे कान. करारावर दोन मोठ्या माणसांच्या सह्या आहेत, शिक्के आहेत, हस्तांदोलनाचा फोटोही आहे. तो कागद कपाटात आहे. भागीदारी मात्र शुक्रवारी चालते.

सकाळी 6.30

पिशवी भरायला घेतली. श्रवणमापक यंत्र, त्याचे हेडफोन, कानात पाहायचा ऑटोस्कोप, ध्वनिमापक, आणि संमतिपत्रांचे गठ्ठे: मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू. आमच्याकडचा कामगार पूर्वांचलातून आलेला असतो किंवा तेलंगणातून, इथलेही आहेत. कोणी मला बाजी म्हणतं, कोणी ताई, मालक मंडळी मॅडम म्हणतात.

या संमतिपत्रांवर आम्ही पाच महिने घालवले. इंग्रजी मसुद्यात वाक्य होतं की सहभागी कधीही बाहेर पडू शकतो, त्यासाठी कोणताही दंड नाही. भाषांतर अगदी बरोबर झालं होतं. पण पहिल्याच वाचनाला एका जॉबरने, म्हणजे मागांची देखभाल करणाऱ्या कारागिराने, कागद माझ्या हातात परत दिला. मागावर दंड म्हणजे कापडात खोट निघाली की मजुरीतून कापून घेतलेले पैसे. "ज्या कागदावर दंड लिहिलाय त्याच्यावर अंगठा कोण लावणार?" त्याचं म्हणणं बरोबर होतं. मग आम्ही लिहिलं: मध्येच नको म्हणालात तर कोणी रागावणार नाही, मजुरी कापली जाणार नाही, दवाखान्यातला इलाज थांबणार नाही. हे पुन्हा इंग्रजीत करून पाठवलं, तेव्हा तिकडच्या लोकांनी आपला मूळ मसुदाच बदलला. त्यांच्या देशातल्या दुसऱ्या एका अभ्यासातही आता तेच वाक्य आहे. मला या गोष्टीचा फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

सकाळी 8.00

शाळेतली कोपऱ्यातली खोली आम्हाला शुक्रवारपुरती मिळते. आधी पंखा बंद, खिडक्या बंद, दाराला सतरंजी. मग ध्वनिमापक टेबलावर ठेवून दहा मिनिटं गप्प बसायचं. आकडा 40 डेसिबलच्या खाली राहिला तरच तपासणी. ऑक्टोबरच्या उन्हात बिनपंख्याच्या खोलीत बसणं सोपं नाही, पण पंख्याची घरघर खालच्या पट्टीतले सूर गिळून टाकते. इतर सहा दिवस ही खोली आम्हाला निरुपयोगी आहे. भिंतीपलीकडे माग असतात.

पहिला माणूस 10 ला बसवायचा. त्या 10 वाजण्यामागे एक गोष्ट आहे.

कानावर मोठा आवाज आदळत राहिला की ऐकणं तात्पुरतं मंदावतं आणि विश्रांतीनंतर बरंचसं परत येतं. कायमचं नुकसान किती हे मोजायचं तर आधी कानाला सुमारे 14 तास शांतता हवी. इंग्लंडहून आलेल्या आराखड्यात म्हणूनच लिहिलं होतं: तपासणी सोमवारी सकाळी, कामावर जाण्यापूर्वी. कागदावर काहीच चूक नव्हती. फक्त आमच्या माणसाला शनिवार-रविवार नसतो. पाळी 12 तासांची. ती संपली की तो वर पोटमाळ्यावर झोपतो आणि खाली दुसऱ्या पाळीचे माग चालू असतात. झोपेतही त्याच्या कानाला सुट्टी नाही. 14 तासांची शांतता या माणसाच्या आठवड्यात आहे तरी कुठे, हा प्रश्न आम्ही उलट पाठवला.

तीन बैठका झाल्या. पहिलीत त्यांनी सुचवलं की कामगारांना एक रात्र दुसरीकडे ठेवावं. दुसरीत आम्ही पोटमाळ्याचा फोटो दाखवला आणि रात्री अडीचला तिथे मोजलेला आवाज सांगितला. तिसऱ्या बैठकीत त्यांच्याकडच्या ज्येष्ठ संशोधिकेने स्वतःच विचारलं, तुमच्याकडे माग थांबतात तरी कधी? गुरुवारी रात्री 8. त्यात 14 मिळवले की शुक्रवारी सकाळी 10. अभ्यासाचं सगळं वेळापत्रक त्या एका प्रश्नावर उभं राहिलं. विद्यापीठांच्या भागीदारीत पैसा लागतो, यंत्रं लागतात, पण असा प्रश्न विचारणारं माणूस समोर नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही.

सकाळी 10.00 ते दुपारी 1.00

आज यादीत 16 नावं. प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं. सूर ऐकू आला की बटण दाबायचं, बस. तरी पहिल्यांदा हेडफोन लावला की माणूस परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो. एका मुलाने न ऐकताच बटण दाबायला सुरुवात केली. नापास झालो तर काम जाईल, अशी त्याची भीती. त्याला बाहेर नेऊन चहा पाजला, आकडे मालकाला दाखवले जाणार नाहीत हे पुन्हा सांगितलं आणि नव्याने सुरुवात केली.

आवाजाने खराब झालेल्या कानाचा आलेख ओळखू येतो. खालच्या सुरांत रेषा बरी चालते, 4000 हर्ट्झच्या आसपास एकदम खाली घसरते आणि 8000 ला थोडी वर येते. ती खाच म्हणजे मागाने कानावर ठेवलेली खूण. या पट्टीत स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं असतात. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. एक चाचा 31 वर्षं मागावर आहेत. तपासणीआधी म्हणाले, "कान ठीक हैं बेटी, आजकल लोग ही मुँह में बोलते हैं." त्यांच्या आलेखावर दोन्ही बाजूंना खोल खाच होती.

कारखान्यात कोणी ओरडत नाही. धागा तुटला, कांडी संपली, बीम उतरवायचा, चहा आला: सगळं हातांनी आणि ओठांनी चालतं. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा तिकडची तरुण संशोधक म्हणाली, लँकेशायरच्या विणकर बायकाही असंच ओठ मोठे हलवून बोलत, त्याला 'मी-मॉइंग' म्हणत. स्कॉटलंडच्या डंडी शहरात तागाच्या गिरण्यांतल्या विणकर बायकांच्या कानांचा अभ्यास 1965 मध्ये प्रसिद्ध झाला, तोही तिनेच पाठवला. ताग बंगालचा, माग त्यांचे, कान त्यांच्या बायकांचे. आता तिकडच्या बहुतेक गिरण्या गेल्या. मुंबईच्याही गेल्या, 1982 च्या संपानंतर कितीतरी काम भिवंडीकडे वळलं. आवाजही कामाबरोबर इकडे आला.

दुपारी 1.15

जुम्याची वेळ. खोली रिकामी. मी डबा उघडते आणि शेजारी कागदांची फाइल.

परदेशी विद्यापीठाबरोबर आरोग्याचं संशोधन करायचं तर एका परवानगीवर भागत नाही. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता दोन्ही देशांत वेगवेगळी घ्यावी लागते. आपल्याकडे आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती आहे. तिचं कामकाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) पाहते. पैसा बाहेरून येणार असेल तर परकीय योगदानाचा 2010 चा कायदा. रक्ताचे नमुने देशाबाहेर पाठवायचे असते तर आणखी एक करार. आमच्याकडे नमुने नाहीत, फक्त आकडे आहेत. सगळ्याला महिने लागतात. तरुण प्राध्यापक वैतागतात, मीही वैतागले आहे. पण छाननी असावी, असं मला मनापासून वाटतं. आमच्या माणसांच्या शरीरातून निघालेली माहिती कुठे जाते आणि कोणाच्या नावावर जमा होते, हे कोणीतरी विचारायलाच हवं.

दुपारी 2.30

दुसरी तुकडी. त्याआधी सकाळच्या लोकांना निकालाचे कागद.

ही आमची अट होती. काही वर्षांपूर्वी एक वेगळा अभ्यास इथे झाला. मी त्यात फॉर्म भरायला होते. घरोघरी फिरले, खोकला किती दिवस, दम लागतो का, सगळं विचारलं. मंडळी गेली, लेख निघाला, आणि कोणालाही काही कळवलं गेलं नाही. वर्षभर मला गल्लीत एकच प्रश्न: बाजी, माझ्या छातीचं काय निघालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाजाराला जाताना मी रस्ता बदलायला लागले होते.

म्हणून या वेळी निकाल त्याच दिवशी, माणसाच्या हातात, त्याच्या लिपीत. कानात मळ असेल तर आधी रुग्णालयाची चिठ्ठी आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. खाच असेल तर तसं स्पष्ट सांगायचं: गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखता येईल. कानात घालायचे प्लग देतो आणि घालायचे कसे तेही शिकवतो; मागे हात नेऊन कान वर ओढल्याशिवाय ते नीट बसत नाहीत. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, हेही सांगतो. चाचांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग परत काढली आणि विचारलं, घरी मुलाने वाचला तर त्याला कळेल ना? कळेल.

संध्याकाळी 5.00

दोन मालकांची भेट. एक ऐकून घेतो, दुसरा फोनवर असतो. धंदा मंदीत आहे, सुताचे भाव वर-खाली होतात, हे खरं आहे. म्हणून आवाज कमी करण्यासाठी फिरत्या भागांना तेल, ढिल्या भागांना रबराची बैठक, पोटमाळ्याला जाड तळ, एवढ्यावरच बोलते.

संध्याकाळी 6.00

तिकडे दुपारचा दीड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातील, मग साडेपाच तासांचा फरक आणि माझं जेवण आणखी उशिरा.

आजचा विषय नाजूक: पहिल्या लेखावर पहिलं नाव कोणाचं, आणि आकडे कुठल्या संगणकावर. तिकडचे प्राध्यापक म्हणाले, विश्लेषण आमच्याकडे होतंय. मुंबईच्या आमच्या प्राध्यापक मॅडम शांतपणे म्हणाल्या, शुक्रवार आमच्याकडे होतोय.

मॅडमनी मग पुण्याचं उदाहरण दिलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. पुण्याचं बाळ सरासरी 2.7 किलोचं, साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. पण वजन कमी असूनही पुण्याच्या बाळाने चरबी त्या मानाने जपलेली होती. हे दोन्हीकडच्या बाळांना एकाच पद्धतीने मोजल्यामुळेच कळलं. पुढे तीच मुलं मोठी होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासली गेली. इतकी वर्षं गावं दार उघडतात, ती सेविकांची ओळख असते म्हणून.

मला आणखी जुनं उदाहरण आठवत होतं. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं सभापर्व येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलं, 1944 मध्ये ते आलं. संपादनाचे नियम पुण्यात विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेले. अमेरिकेतला पंडित भांडारकर संस्थेच्या शिस्तीत काम करतो, यात कोणाला कमीपणा वाटला नाही. मी ते बोलून टाकलं. क्षेत्र समन्वयकाने असं मध्ये बोलायचं नसतं बहुधा, पण सगळ्यांनी ऐकलं.

ठरलं ते असं: पहिला लेख आमच्या बाजूच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचा, दुसरा त्यांच्या तरुण संशोधिकेचा. मूळ आकडे मुंबईत, नावं काढलेली प्रत तिकडे. निकाल छापण्याआधी निजामपुऱ्यात एक सभा. हे इतिवृत्तात लिहून घेतलं, तारखेसकट.

रात्री 8.00

माग सुरू झाले. आधी समोरचा कारखाना, मग मागचा, पाच मिनिटांत सगळी गल्ली. खिडकीची काच थरथरते. बैठक संपायची होती; माझा आवाज त्यांना ऐकू येईना, तेव्हा उरलेलं मी लिहून पाठवलं: आज 15 तपासण्या, एक अनुपस्थित, तिघांना रुग्णालयाची चिठ्ठी, एका हेडफोनची वायर सैल.

पुढच्या शुक्रवारची यादी करायला बसले. 10 वाजताचं पहिलं नाव आज न आलेल्या मुलाचं. त्याच्या मुकादमाला आत्ताच निरोप दिला पाहिजे, पाळी बदलण्याआधी.