यीस्टला टायमर नसतो

मँचेस्टरमध्ये नोव्हेंबर सरत आला की दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. अशाच एका अंधाऱ्या शनिवारी आम्ही ६० लिटरचा फिशटँक घरी आणला. सहा वर्षांच्या लेकीला मासे हवे होते, मला पाण्यातली झाडं. महिनाभर नुसती झाडं वाढवली, मग आठ निऑन टेट्रा आणले. झाडांमध्ये लाल पानांची एक रोटाला होती. दुकानदार म्हणाला, ही मूळची भारतातली, पण नखरे फार. भरपूर उजेड आणि कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हटलं, आपल्याकडचीच आहे ना, जमवून घेऊ.

तिने जमवून घेतलं नाही. पानं फिकी पडली, खालची गळायला लागली. कारण सोपं आहे. हवेतून पाण्यात आपोआप विरघळणारा कार्बन डायऑक्साइड लिटरमागे एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. त्यात माशांच्या श्वासाची थोडी भर पडते, एवढंच. अशी झाडं वाढवणारे लोक साधारण ३० मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवतात. त्यासाठी सिलिंडर, रेग्युलेटर वगैरे मिळतं, पण त्याची किंमत बघून बायको म्हणाली, "एवढ्यात तुझं भारताचं अर्धं तिकीट येईल."

मग घरगुती उपाय. कोल्ड्रिंकची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, त्यात दोन कप साखर, पाव चमचा ब्रेडचं यीस्ट आणि तीन चतुर्थांश भरेल इतकं कोमट पाणी. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. झाकणाला भोक पाडून नळी घट्ट बसवायची. ती आधी एका छोट्या बाटलीत न्यायची, म्हणजे फेस आला तर तिथेच अडकतो. पुढे एक उलटझडप, नाहीतर टाकीतलं पाणी रात्रीत जमिनीवर! शेवटी टाकीत डिफ्यूझर, म्हणजे वायूचे बारीक बुडबुडे करणारी चकती. बाटली काचेची नको आणि नळी कधीही बंद करायची नाही, दाब वाढून बाटली फुटू शकते.

तिसऱ्या दिवशी पानांवर ऑक्सिजनचे मोत्यांसारखे थेंब दिसायला लागले. लेक काचेला नाक लावून बसली. मी फोटो काढून सांगलीला आईबाबांना पाठवले.

जानेवारीत थंडी वाढली आणि बुडबुडे मंदावले. व्हिडिओ कॉलवर आईला बाटली दाखवली. ती म्हणाली, "अरे, थंडीत इडलीचं पीठ तरी कुठं फुगतं? उबेला ठेव की." अगदी बरोबर होतं तिचं. मी बाटली रेडिएटरशेजारी ठेवली. पण तेवढ्यावर थांबलो नाही. नवीन मिश्रण करताना यीस्टही दुप्पट घातलं. ऑफिसात मी ज्युनिअर मुलांना नेहमी बजावतो, एका वेळी एकच बदल करा आणि शुक्रवारी संध्याकाळी काही बदलू नका. घरी मी दोन बदल एकदम केले, तेही शुक्रवारी संध्याकाळी.

रात्री दहाला टायमरने टाकीचा दिवा बंद झाला. अंधारात झाडं कार्बन डायऑक्साइड घेत नाहीत, उलट श्वासातून सोडतात आणि ऑक्सिजन वापरतात. दिव्याला टायमर होता, यीस्टला नव्हता. रेडिएटरच्या उबेत ते रात्रभर जोमात काम करत राहिलं.

सकाळी लेकीनेच हाक मारली, "बाबा, मासे वर येऊन तोंड का उघडतायत?"

पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की माशांच्या रक्तातला तो कल्ल्यांतून नीट बाहेर पडत नाही. मासे गुदमरतात. मी नळी उपसून काढली, फिल्टरचं तोंड वर करून पाणी खळाळतं केलं, क्लोरीन काढलेलं कोमट पाणी घालून निम्मं पाणी बदललं. तासाभरात सहा मासे खाली पोहायला लागले. दोन गेले. लेकीने विचारलं, "झाडासाठी केलंस ना तू हे?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला वाटत होतं तिच्या सांगण्यामुळेच झालं. "आई, ऊब बरोबर होती गं. मीच यीस्ट वाढवलं आणि रात्रीचा विचार केला नाही." ती थोडं थांबून म्हणाली, "पीठ उतू जातं तेव्हा ओटा पुसून भागतं. इथं जीव आहेत."

ते वाक्य डोक्यात ठेवून सगळं नव्याने मांडलं. यीस्ट पुन्हा पाव चमचा. बाटली रेडिएटरपासून लांब, पाण्याच्या बादलीत, म्हणजे तापमान एकदम वरखाली होत नाही. आणि एक छोटा हवेचा पंप, दिव्याच्या उलट्या टायमरवर: दिवा बंद झाला की पंप सुरू. पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की जादा कार्बन डायऑक्साइड निघून जातो. टाकीत रंग बदलणाऱ्या द्रवाची काचेची कुपी लावली. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बरोबर, पिवळा म्हणजे धोका. हा रंग तास-दोन तास उशिरा बदलतो, म्हणून आधी माशांकडे बघायचं, मग कुपीकडे.

पुढची पायरी सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्याची. आई ढोकळ्यात घालते तेच लिंबूसत्व. त्याचं दोन बाटल्यांचं, दाब सहन करणारं तयार झाकण मिळतं आणि त्याला तोटी असते, रात्री बंद करता येते. पण ते घ्यायची घाई नाही. आधी हे नीट सांभाळतो.

रोटाला आता लाल झाली आहे. लेक रोज शाळेत जाण्याआधी मासे मोजते, सहा आहेत याची खात्री करते. आईही फोनवर आधी तेच विचारते, "मासे बरे आहेत ना रे?" मग माझी चौकशी.